अंगठा आत, मनगट मागे

रंजनाने दारातून "आक्का" अशी हाक मारली आणि छायाच्या छातीवरचा हिरवा पट्टा पिवळा झाला. ती खाटेजवळ पोचेपर्यंत तो केशरी झाला होता. "काय ओ, दिवाळी तोंडावर आली आन् बरं आडवं व्हायचं सुचलं तुमास्नी," असं म्हणत ती स्टुलावर टेकली, तेव्हा तो तांबडा झाला आणि तांबडाच राहिला.

छायाच्या अंगात राखाडी रंगाचा, लोकरीच्या स्वेटरसारखा मऊ कपडा होता. कराडच्या त्या पुनर्वसन केंद्रात त्याला अंगरखा म्हणत. पक्षाघात झालेल्या माणसाच्या अंगावर तो नव्वद दिवस ठेवत. छायाच्या उजव्या अंगावरून वारं जाऊन एकेचाळीस दिवस झाले होते. उजवा हात पांघरुणावर कुणीतरी ठेवून विसरल्यासारखा पडला होता, आणि तोंडातून "हं" याखेरीज काही निघत नव्हतं.

रंजना तिची धाकटी जाऊ. आधी दवाखान्यातल्या आणि मग केंद्रातल्या नियमांमुळे तिला आजवर आत सोडलं नव्हतं. आता ती थोरल्या जावेकडे बघत राहिली. एवढी दांडगी बाई, आणि उशीत एवढीशी दिसत होती. आपल्याला रडू येणार असं रंजनाला वाटलं, म्हणून तिने घाईने तोंड चालवायला घेतलं.

"देशपांडेबाईंच्या चार इरकली साड्या दुकानात तशाच पडल्यात. काय सांगू त्यास्नी? आक्का झोपा काढत्यात म्हणून सांगू?"

छायाचे ओठ थरथरले. डावा गाल ओढला गेला.

"भ... भवाने," ती म्हणाली.

"हां. ते बरं ध्यानात हाय."

पलीकडे बसलेला छायाचा मुलगा तेजस ताडकन उठला. आई एकेचाळीस दिवसांनी एक शब्द बोलली हे त्याच्या लक्षातही आलं नाही. त्याचं सगळं लक्ष पट्ट्याकडे होतं. "काकू, बास कर. पट्टा बघ की."

छायाची उजवी मूठ आवळत चालली होती. बोटं वळली, अंगठा आत गेला. तेवढ्यात अंगरख्याच्या बाहीतून मांजराच्या गुरगुरण्यासारखा बारीक कंप सुरू झाला, मूठ सैल पडली, आणि उशाकडच्या यंत्रातून एक गोड आवाज आला. "छायाताईंना विश्रांतीची गरज आहे. सोबत्यांनी कृपया बाहेर थांबावे."

रंजना आत येऊन चार मिनिटं झाली होती.

केंद्राची डॉक्टर नाझनीन अत्तार तिशीतली, बारीक अंगाची मुलगी होती. समोरच्याला समजेपर्यंत समजावून सांगायची तिला सवय होती. तिने रंजनाला खोलीत बसवलं, चहा मागवला आणि कागदावर एक उभी रेघ काढली.

"मावशी, हा एक मज्जातंतू. मेंदूतून निघतो, हृदयाला शिवतो, पोटापर्यंत जातो. आपलं शरीर दोन तऱ्हेने चालतं. भीती वाटली, राग आला की ते लढायच्या किंवा पळायच्या तयारीला लागतं. मग दुरुस्तीची कामं बाजूला पडतात. निवांत वाटलं की हा तंतू हृदयाला सांगतो, दमानं घे. तेव्हा जखमा भरतात, अन्न पचतं, मेंदू नव्या वाटा पाडतो. आणि निवांत कधी वाटतं? मायेचं माणूस जवळ असलं की. पूर्वी आम्ही डॉक्टर याला नुसतं 'बरं वाटणं' म्हणायचो. मग लोकांनी मोजून बघितलं. ज्या नवरा-बायकोत कायम धुसफूस असते, त्यांच्या कातडीवरची बारीकशी जखमही उशिरा भरते."

रंजना चहाच्या कपाकडे बघत होती.

"हा अंगरखा तेच मोजतो," नाझनीन पुढे म्हणाली. "नाडी, श्वास, घाम, कातडीची ऊब. त्यातून एकच आकडा काढतो, ताण. ताण कमी असला की पट्टा हिरवा. हिरव्यात असताना तो बधिर स्नायूंना विजेचे हलके ठोके देतो, हात कसा उचलायचा ते मेंदूला पुन्हा शिकवतो. तांबडं झालं की शिकवणी बंद. तेजस हात धरून बसला की त्यांचा ताण वीसच्या आत असतो. तुम्ही आलात आणि सत्त्याऐंशीवर गेला. तुमच्या चार मिनिटांत त्यांची आजची साडेतीन तासांची शिकवणी बुडाली."

"म्हंजे मी आल्यानं तिचं वाईट व्हतंय."

"यंत्र तसं म्हणतंय."

रंजनाने कप खाली ठेवला. "एक इचारू? बत्तीस वर्सं आमी एकमेकींच्या उरावर बसून काम केलं. एक दिवस सरळ बोललो न्हाई. माझ्या तोंडापायी तिला वारं गेलं का?"

नाझनीनने तिच्याकडे बघितलं. "रक्तदाब होता त्यांना. गोळ्या चुकवायच्या. तुमच्यामुळे झालं असं मला म्हणता येणार नाही."

नाही, असं ती म्हणाली नव्हती. रंजनाला फरक कळला.

तेजस बाहेर उभा होता. मुलगा वाईट नव्हता. पुण्यातलं काम सोडून महिनाभर आईजवळ बसला होता. "काकू, राग मानू नकोस," तो म्हणाला. "नव्वद दिवसांत हात हलला नाही तर अंगरखा दुसऱ्या पेशंटला देतात. मग आईला पुण्याच्या निवासात ठेवायचं ठरवलंय मी. तिथे बायका असतात सगळं करायला. तोवर तू येऊ नकोस. सोबतीच्या यादीतून तुझं नाव काढलंय."

रंजनाने मान हलवली आणि ती रिक्षात बसली. मंडईच्या चौकापर्यंत तिने स्वतःला आवरलं.

दोन जावांचं दुकान शनिवार पेठेत होतं. साड्या धुणं, खळ देणं, प्रेस करणं. दोघींचे नवरे सख्खे भाऊ. ते तीन वर्षांच्या अंतराने गेले, तरी बायका वेगळ्या झाल्या नाहीत. कारण विचारलं तर दोघीही एकच सांगत, "तिला दुसरं कोण ठिवून घेणार?"

खळ दिलेली साडी पुरती वाळायच्या आत ताणावी लागते. नऊवारीची दोन टोकं दोघींनी धरायची, समोरासमोर उभं राहायचं आणि आळीपाळीने ओढायचं. तेव्हा कुठे काठ सरळ बसतो. रंजना या घरात लग्न होऊन आली त्याच आठवड्यात छायाने तिच्या हातात साडीचं टोक दिलं होतं आणि पहिल्याच ओढीला रंजनाच्या अंगठ्याचं पेर कापलं होतं. खळीचा ओला काठ सुरीसारखा असतो. "अंगठा आत, मनगट मागं," छाया म्हणाली होती. "आन् ऐक. मी बोलंन तवा मी ओढणार, तू धरायचं. तू बोलशील तवा तू ओढ. गप बसलीस तर झोल पडंल."

तेव्हापासून त्या बोलत होत्या. रोज दहा-बारा साड्या, म्हणजे रोज दोनशे-अडीचशे ओढी, आणि प्रत्येक ओढीला एक वाक्य. एवढी वाक्यं आणायची कुठून? माहेरापासून सुरुवात झाली, मग स्वयंपाक, मग चालणं, मग घोरणं. गिऱ्हाईक दारात उभं राहून ऐकत असे आणि हसू दाबत असे.

त्या दुपारी रंजनाने भिंतीतल्या कडीला साडीचं एक टोक बांधलं आणि एकटीने ओढायला घेतलं. कडी घट्ट होती, तरी काठ नागमोडी येत होता. कडी नुसती धरून ठेवते, ती उलट ओढ देत नाही. रंजनाने सवयीने म्हटलं, "काय जीव हाय का न्हाई हातात?" आणि कडी गप्प राहिली. तिने पुन्हा ओढलं, आणि ओढता ओढता स्वतःच्या हाताकडे बघितलं. अंगठा मुठीत, मनगट मागे.

ती तशीच उभी राहिली. सकाळी खाटेवर आवळलेली मूठ तिच्या डोळ्यांपुढे आली. बोटं वळली होती, अंगठा आत गेला होता. आणि मनगट? मनगट पांघरुणावरून वर उचललं गेलं होतं. एवढंसं, पण मागे.

तिने साडी कडीलाच लोंबत ठेवली, देशपांडेबाईंची एक इरकल पिशवीत टाकली आणि चपला पायात सरकवल्या.

"ती आकडी होती, मावशी," नाझनीन म्हणाली. "पक्षाघातात हे नेहमी दिसतं. ताण वाढला की स्नायू आपोआप आवळतात, अंगठा तळहातात रुततो. अंगरखा ते ओळखतो आणि कंप देऊन सैल करतो."

"आकडीत मनगट कुठं जातं?"

"आत. खाली वळतं."

"तिचं मागं गेलं."

नाझनीन काही बोलायच्या बेतात होती, ती थांबली. तिने संगणकाचा पडदा आपल्याकडे वळवला आणि सकाळच्या चार मिनिटांची नोंद उघडली. कोणत्या स्नायूत किती वीज खेळली, त्याच्या रेघा होत्या. ती बराच वेळ खालीवर बघत राहिली. मग तिने स्वतःचा हात टेबलावर ठेवला, मूठ वळली, मनगट मागे घेतलं, आणि पुन्हा रेघांकडे बघितलं.

"तीन वेळा," ती हळूच म्हणाली. "मनगट मागे नेणारा स्नायू तीन वेळा जागा झालाय. तुम्ही बोलून थांबलात की लगेच. आणि तिन्ही वेळा यंत्राने आकडी समजून त्याला झोपवलंय."

"थांबल्यावर तिची पाळी असती," रंजना म्हणाली. "तिची पाळी आली की ती वढती."

नाझनीनला ते कळायला साडी, काठ, कडी सगळं सांगावं लागलं. सांगून झाल्यावर ती खुर्चीत मागे टेकली. "मावशी, हा अंगरखा हजारो माणसांवर शिकवलाय. आई आणि लेकरू, नवरा-बायको. माया म्हणजे शांतता, हेच त्याला ठाऊक. घाबरलेल्याची नाडी धावते आणि कुस्तीला उतरलेल्याचीही धावते, यातला फरक त्याला सांगता येत नाही. शिवी बोलण्यापेक्षा वेगळ्या वाटेने येते, हे आम्ही कॉलेजात शिकतो. बाकीची भाषा गेलेल्या माणसाची शिवी शाबूत राहते. त्या वाटेने हातही येत असेल, असं माझ्या डोक्यात आलं नव्हतं."

"मग मला आत सोडा."

"अंगरखा असेपर्यंत उपयोग नाही. तुम्ही जे जागं कराल ते तो झोपवेल. त्यातला नियम बदलायला कंपनीला लिहावं लागेल. उत्तराला दोन महिने."

"मग काढा तो."

"एकदा काढला की परत मिळत नाही. नोंद तुटते, पुढच्या पेशंटला जातो. चाळीस जण थांबलेत." नाझनीनने संमतीपत्र पुढे ओढलं. "आणि मी खोटं बोलणार नाही. रक्तदाब चढला तर दुसरा झटका येऊ शकतो. संमतीपत्रावर तेजसची सही आहे. त्याला विचारावं लागेल."

तेजसला विचारलं, आणि तो भडकला.

"तीन रेघांवर? डॉक्टर, तुम्हीच म्हणालात ना हिरव्यात सुधारणा होते? आई शांत आहे. कित्येक वर्षांत पहिल्यांदा शांत आहे. आयुष्यभर या दोघींचा तमाशा ऐकत मोठा झालोय मी. परीक्षेच्या दिवशीसुद्धा कानात कापूस घालून अभ्यास केलाय. आणि आता उपचार म्हणून भांडण?"

"तेजा," रंजना म्हणाली, "हिरव्यात हात हलला का?"

"वेळ लागतो."

"किती येळा हलला?"

तो नाझनीनकडे बघू लागला.

"झोल पडल्यागत पडलीया ती. तू हात धरतोस, ती डोळं मिटती, पट्टा हिरवा. बरं वाटतंय तिला, मला मान्य हाय. पर तिला काय पायजे, कुणी इचारलं?"

"पट्टा हिरवा आहे म्हणजे तिची हरकत नाही," तेजस म्हणाला. बोलल्यावर त्याचं त्यालाच ते कसंतरी वाटलं असावं, कारण त्याने नजर वळवली.

"मला वाईट ठरिवलं त्या कपड्यानं, ठरवू दे," रंजना म्हणाली. "आठ दिवस डोळं पुसत बसलीबी असते मी. डॉक्टरीण सांगती म्हंजे खरं असंल. पर माझी आक्का काय करती आन् का करती, ते मला कळतं. बत्तीस वर्सं तिच्या हाताला हात लावला न्हाई मी. साडीच्या दुसऱ्या टोकानं वळखती तिला. तू लेक हायस, तुझी सही चालती. ती न्हाई म्हणाली तर मी परत या जिन्याची पायरी चढणार न्हाई. पर इचारायचं तिला. तिच्या तोंडावर."

नाझनीन आधीच उठली होती.

रंजना खोलीच्या दारात दिसली आणि पट्टा पिवळा झाला. यावेळी ती बोलली नाही. नाझनीन खाटेच्या कडेला बसली आणि लहान मुलाला गणित सांगावं तशी एकेक गोष्ट सांगत गेली. अंगरखा ठेवला तर काय, काढला तर काय. परत मिळणार नाही. रक्तदाब चढू शकतो. पुण्याचा निवासही तिने लपवला नाही. निवास हा शब्द छाया पहिल्यांदाच ऐकत होती. तिने डोळे तेजसकडे वळवले आणि ते तिथेच ठेवले. तेजसने मान खाली घातली.

"तुमचं काय म्हणणं आहे, छायामावशी? घाई नाही."

पट्टा केशरी झाला. बाहीतला कंप सुरू झाला. छायाने डावा हात उचलला, छातीवर नेला आणि गळ्याशी असलेल्या कडेत बोटं खुपसून ओढलं. कपडा हलला नाही. उशाचा गोड आवाज सुरू झाला, "छायाताईंना विश्रांतीची..."

"का... ढ," छाया म्हणाली.

नाझनीनने तेजसकडे पाहिलं. त्याला बराच वेळ लागला. मग तो पुढे झाला आणि त्यानेच पाठीमागचे बंद सोडवले. अंगरखा उतरला तसा त्याच्यावरचा रंग विझला. तेजस तो हातावर घेऊन उभा राहिला, झोपलेलं मूल घ्यावं तसा.

नाझनीनने छायाच्या डाव्या दंडाला रक्तदाबाचा साधा पट्टा गुंडाळला. "एकशे चाळीस. एकशे सत्तरला मी थांबा म्हणेन. मी म्हटलं की थांबायचं, दोघींनीही."

रंजनाने दुकानातून आणलेली देशपांडेबाईंची इरकल पिशवीतून काढली. तेजसने आईला उशीला टेकवून बसवलं. रंजनाने काठ छायाच्या उजव्या मुठीत ठेवला, बोटं वळवली, अंगठा आत घातला. जावेचा हात हातात घ्यायची ही पहिलीच वेळ होती, आणि तो गार होता. दुसरं टोक घेऊन ती खोलीच्या पार दाराशी गेली.

"फुकटचं खाऊन वजन वाढलंय तुमचं," ती म्हणाली आणि तिने हळूच ओढलं.

काठ छायाच्या मुठीतून सुटून जमिनीवर पडला.

"हात हाय का शेवयाची गुंडाळी?" पुन्हा दिला, पुन्हा ओढला, पुन्हा सुटला. एकशे एकावन्न, नाझनीन म्हणाली. छायाच्या कपाळावर घाम आला होता. "तुमचा पोरगा तुमाला पुण्याला न्हेऊन ठिवतोय. बरं व्हईल, दुकान माझ्या एकटीचं." तिसऱ्यांदा काठ पडला.

तेजस कुजबुजला, "काकू, पुरे."

चौथ्यांदा काठ मुठीत देताना रंजनाच्या लक्षात आलं, की आपण नुसतं बोलतोय आणि ओढतोय. आक्काची पाळी तिला देतच नाही. भीतीने तोंड थांबत नव्हतं. ती दाराशी गेली, टोक धरलं, साडी सरळ केली आणि गप्प बसली. बत्तीस वर्षांत साडी हातात असताना ती कधी एवढा वेळ गप्प राहिली नव्हती. साडीच्या मध्यावर झोल पडला. नाझनीनने आकडा सांगितला नाही. भिंतीवरच्या घड्याळाचा काटा पुढे सरकत होता.

छाया साडीकडे बघत होती. मग तिने रंजनाच्या हाताकडे बघितलं, आणि तिच्या भुवया जवळ आल्या. हे रागावणं सगळ्या शनिवार पेठेला ठाऊक होतं.

"ढि... ढिली," ती म्हणाली. "ढिली धर... लीस."

आणि काठ ओढला गेला. जेमतेम दोन बोटं. उजवं मनगट मागे गेलं, झोल उचलला, आणि रंजनाच्या मुठीला पलीकडून ओढ लागली. ती ओढ तिने लाखो वेळा धरली होती. तिने धरली. नाझनीन मोठ्याने मोजू लागली. एक, दोन, तीन, चार. पाचाला मूठ सुटली.

तेजसने हातातला अंगरखा खुर्चीवर टाकला आणि आईच्या पाठीशी आणखी एक उशी सरकवली.

"एकशे अडुसष्ट," नाझनीन म्हणाली. "आज बास. उद्या पुन्हा."

रंजनाने मान डोलावली. साडीची घडी घालत ती खाटेपर्यंत आली आणि शेवटचं टोक उचलायला वाकली. ते उचललं जाईना. छायाने डाव्या हाताने काठ पकडून उजव्या मुठीत कोंबला होता आणि ती अंगठा आत ढकलत होती.

"सोडा, आक्का. डॉक्टरीण थांबा म्हणाली न्हवं?"

"न्हाई," छाया म्हणाली.

नाझनीनने दंडावरचा पट्टा सोडवायला घेतला होता. ती थांबली. "पाच मिनिटं पडून राहायचं," ती म्हणाली. "मग बघू आकडा."